बाणाचा दांडा : अ‍ॅल्युमिनियम की कार्बन

इंदूर शहरातील पोलोग्राउंड या भागात आज घोडा दिसत नाही आणि हिरवळही दिसत नाही. संस्थानी काळातील एका राजेशाही खेळाची आठवण केवळ नावापुरती उरली असून, त्या नावाच्या आश्रयाने लघुउद्योगांचे गाळे, मालवाहू गाड्यांची वर्दळ आणि पश्चिम मध्य प्रदेशाला वीज पुरविणाऱ्या सरकारी कंपनीचे मुख्य दप्तर एवढा संसार तेथे थाटला गेला आहे. अशा जागी धनुष्यबाणाचा विषय काढणे कोणास विसंगत वाटेल, जरी बाणगंगा नावाची वस्ती तेथून हाकेच्या अंतरावर असली तरी. परंतु शिकारीच्या बाणाचा दांडा अ‍ॅल्युमिनियमचा असावा की कार्बनचा, आणि पहिला टाकून दुसरा पत्करताना नेमके काय मिळते व काय सुटते, हा या प्रकरणाचा प्रश्न शिकाऱ्याइतकाच या गाळ्यांतून लेथवर उभ्या असणाऱ्या कारागिराच्याही जिव्हाळ्याचा आहे. कारण एका लांबीच्या, एका वजनाच्या, एकसारख्या सरळ आणि एकसारख्या लवचीक अशा डझनभर नळ्या तयार करणे, आणि त्या शेकडो वेळा आपटूनही तशाच राहतील अशी तजवीज करणे, हाच बाण बनविण्याच्या विद्येचा गाभा आहे.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याची बाजू स्वच्छ करून घेणे इष्ट होय. मराठी राज्यांच्या अठरा कारखान्यांत शिकारखाना हे एक रीतसर खाते असे आणि मृगया हा राजधर्माचा भाग मानला जाई. पण 28 मे 1948 रोजी होळकरांचे इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झाले, आणि पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा उरलासुरला दिमाखही संपविला. या कायद्यात ‘शस्त्र’ या संज्ञेची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात बंदुका, जाळी, फासे आणि विष यांच्या पंक्तीला धनुष्यबाणाचाही स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा बाणाने मारलेले सावज बंदुकीने मारलेल्या सावजाहून कमी गुन्ह्याचे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी तो सोडून द्यावा. धनुष्याने शिकार करण्याचा छंद कायद्याच्या चौकटीत जिवंत आहे तो मुख्यतः अमेरिकेत, जेथे विस्कॉन्सिन राज्याने 1934 मध्ये केवळ धनुर्धरांसाठी हरणांच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम जाहीर केला आणि पाठोपाठ इतर राज्यांनी तोच कित्ता गिरविला. आपल्याकडे हा प्रश्न उद्भवतो तो निशाणाच्या मैदानावर. तथापि दांड्याचे शास्त्र दोन्हीकडे एकच असल्यामुळे, शिकाऱ्याचा अनुभव आपल्या तिरंदाजास उपयोगी पडतो.

माळव्याला धनुष्याचा वारसा बाहेरून आणावा लागत नाही. भीमबेटकाच्या शैलाश्रयांतील चित्रांत धनुष्य ताणलेले शिकारी आहेत. 1957 मध्ये ही चित्रे विद्वानांच्या जगापुढे आणली ती उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी, आणि 2003 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्यांचा समावेश झाला. झाबुआ, अलिराजपूर, धार आणि बडवानी या टापूंतील भिल्लांच्या घरी कामठा आणि बाण ही वस्तू आजही परकी नाही, आणि होळीपूर्वीच्या भगोरियाच्या बाजारात ती मिरवलीही जाते. त्या कामठ्याची दोरी पुष्कळदा बांबूच्याच पातळ पट्टीची असते, बाणाचा दांडा बोरूसारख्या पोकळ काडीचा, टोक गावच्या लोहाराने घडविलेले, आणि पिसे दोऱ्याने आवळलेली. हा बाण हाताने तपासून निवडलेला असतो, आणि ज्याने तो निवडला त्याच्याच हातून तो नीट जातो. दुसऱ्याच्या कामठ्यावर चढविला की तो बहकतो. याचे कारण पुढे येईल.

वसिष्ठाच्या नावावर चालत आलेल्या धनुर्वेदसंहितेत बाणासाठी कोणता शर निवडावा याचे नियम दिलेले आहेत. तो फार जाड नसावा, फार बारीक नसावा, कच्चा नसावा, पक्व होऊन पांढुरका झालेला असावा. त्याच परंपरेत दांड्याचे तीन भेद सांगितले आहेत. ज्याचा पुढचा भाग स्थूल तो स्त्री-बाण, आणि तो दूर जातो. ज्याचा मागचा भाग स्थूल तो पुरुष-बाण, आणि तो कठीण वस्तू भेदतो. आणि जो सर्वत्र समान तो नपुंसक-बाण, आणि तो लक्ष्यवेधास प्रशस्त. या वर्गीकरणातील नावांची आपणास आज गंमत वाटली तरी त्यामागील निरीक्षण पोकळ नाही. बाणाचा गुरुत्वमध्य मध्यबिंदूच्या किती पुढे आहे यावर त्याच्या उड्डाणाची स्थिरता अवलंबून असते, ही गोष्ट आजचा अमेरिकी शिकारीही मानतो आणि दांड्याच्या लांबीच्या दहा ते पंधरा टक्के एवढा पुढे तो मध्य ठेवण्याची खटपट करतो. आणि निशाणासाठी सर्वत्र समान दांडा हवा, हे सूत्र तर कारखान्यात ओढलेल्या धातूच्या नळीइतके दुसऱ्या कशानेही सिद्ध झालेले नाही. अखंड लोहाच्या बाणाला आपल्या ग्रंथांत ‘नाराच’ म्हटले असून त्याला पाच रुंद पिसे लावावीत असे सांगितले आहे. म्हणजे धातूचा बाण ही कल्पना आपल्याला नवी नव्हती. तो पोकळ आणि हलका कसा करावयाचा, एवढेच साधले नव्हते.

लाकडी वा बोरूच्या दांड्याचा दोष असा की निसर्ग दोन काड्या एकसारख्या देत नाही. हवेतील ओलाव्याने त्या वाकतात, वजनात फरक पडतो, आणि उत्तम काडी मोडली की तिची जोड पुन्हा मिळत नाही. कॅलिफोर्नियातील डग ईस्टन या तरुणाने 1922 पासून धनुष्ये आणि लाकडी बाण बनविण्याचा धंदा आरंभला होता, आणि या विषमतेला तो इतका कंटाळला की 1939 च्या सुमारास त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचे बाण करून पाहिले. 1941 मध्ये लॅरी ह्यूज या धनुर्धराने असेच बाण वापरून अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले; परंतु तेवढ्यात महायुद्ध अमेरिकेच्या दाराशी आले, अ‍ॅल्युमिनियमचा तोळान्‌तोळा विमानांकडे वळला, आणि बाणांचा व्यापार युद्ध संपेपर्यंत खोळंबला. विमाने आणि बाण यांचा हा संबंध पुढेही तुटला नाही. आज उत्तम अ‍ॅल्युमिनियम बाण ज्या 7075 क्रमांकाच्या, जस्त मिसळलेल्या मिश्रधातूचे असतात, त्या जातीची धातू 1930 नंतरच्या दशकात जपानच्या सुमितोमो कंपनीने सिद्ध केली होती आणि ती ‘झिरो’ या लढाऊ विमानाच्या सांगाड्यात वापरली गेली होती.

ही नळी साच्यातून पुनःपुन्हा ओढून बारीक व पातळ केली जाते, तापवून कठीण केली जाते, आणि शेवटी सरळ केली जाते. तिच्या अंगावर जो चार अंकी क्रमांक असतो त्यात तिची कुंडली सामावलेली असते. 2117 असा क्रमांक असेल तर पहिले दोन अंक सांगतात की बाहेरचा व्यास इंचाचा एकवीस चौसष्टांश, म्हणजे सुमारे 8.3 मिलिमीटर आहे, आणि शेवटचे दोन सांगतात की भिंतीची जाडी इंचाचे सतरा सहस्रांश, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी आहे. एवढ्या पातळ भिंतीच्या नळीने हरणाच्या बरगड्यांतून आरपार जावे, याचे आश्चर्य धातुशास्त्र न जाणणाऱ्यालाच वाटेल असे नाही.

आता त्या लवचिकतेविषयी, जिच्यावाचून दांडा बदलण्याच्या साऱ्या प्रकरणाचा उलगडाच होत नाही. बाण सरळ जातो हा आपल्या डोळ्यांचा भ्रम आहे. दोरी सुटते तेव्हा मागून एकदम आलेला रेटा आणि पुढच्या फाळाचे जडत्व यांच्या कात्रीत सापडून दांडा वाकतो. उलट दिशेला पुन्हा वाकतो. आणि असा लचकत लचकतच तो धनुष्याच्या मुठीला वळसा घालून पलीकडे निघून जातो. धनुष्याच्या मध्याशी तिरका ठेवलेला बाण शेवटी निशाणावर सरळ कसा पोहोचतो, या कोड्याला अमेरिकेतील डॉक्टर रॉबर्ट एल्मर यांनी ‘धनुर्धराचा विरोधाभास’ असे नाव दिले, आणि 1930 नंतरच्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून ते लचकणे प्रत्यक्ष दाखविले. दांडा गरजेपेक्षा ताठ असला तर तो मुठीला वळसा न घालता तिच्यावर घासून एका बाजूस फेकला जातो. गरजेपेक्षा मऊ असला तर दुसऱ्या बाजूस. म्हणून प्रत्येक धनुष्याच्या जोराला, प्रत्येक हाताच्या ओढीला आणि प्रत्येक फाळाच्या वजनाला एक ठरावीक लवचीकपणाच मानवतो, आणि भिल्लाचा बाण परक्या कामठ्यावर का बहकतो त्याचे उत्तरही यातच आहे.

या गुणाला धनुर्धर ‘स्पाइन’ म्हणतात आणि तो मोजण्याची रीत कोणत्याही गाळ्यात करून पाहता येईल इतकी सोपी आहे. दांडा 28 इंच अंतरावरील दोन आधारांवर ठेवावयाचा, मध्यभागी 880 ग्रॅम वजन टांगावयाचे, आणि मध्य किती खाली येतो ते इंचाच्या सहस्रांशांत वाचावयाचे. अर्धा इंच आला तर स्पाइन 500. चार दशांश इंच आला तर 400. आकडा जितका लहान तितका दांडा ताठ, हा उलटा हिशेब नवशिक्याने ध्यानात ठेवलेला बरा. कार्बनच्या बाणांवर बहुधा हाच आकडा छापलेला असतो, तर अ‍ॅल्युमिनियमवर व्यास-जाडीचा क्रमांक असतो. आणि जो मनुष्य 2117 च्या जागी, आकडा मोठा म्हणजे बाण ताठ अशा भाबड्या समजुतीने, 500 चा कार्बन विकत आणतो, त्याची पहिल्याच दिवशी फजिती होते. 2117 चा स्पाइन 400 आहे, तेव्हा तुलना करावयाची ती 400 च्या कार्बनशी.

कार्बनचा तंतू हे द्रव्यही विजेच्या इतिहासाशी जोडलेले आहे, आणि ज्या पोलोग्राउंडवरून लाखो दिव्यांचा हिशेब ठेवला जातो तेथे याची आठवण अप्रस्तुत होणार नाही. एडिसनने 1880 मध्ये आपल्या दिव्यासाठी जी तार पसंत केली ती बांबूची चीप जाळून केलेल्या कार्बनची होती, आणि तो बांबू जपानमधील क्योतोजवळच्या यावाता गावाहून येई. बाणाचा जुना दांडा आणि नवा दांडा यांचे हे नाते योगायोगाचेच, पण नोंदण्यासारखे आहे. एडिसनची तार ठिसूळ होती. बळकट कार्बन तंतू हाती आले ते 1960 च्या मागेपुढे अमेरिका, जपान आणि इंग्लंड येथील संशोधनातून, आणि तेही प्रथम विमाने व अग्निबाण यांच्यासाठी.

हे तंतू राळेत बसविले की जो पदार्थ तयार होतो त्याची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट ते पावणेदोनपट भरते, तर अ‍ॅल्युमिनियमची सुमारे पावणेतीनपट; उलट तंतूंच्या दिशेने त्याचा ताठपणा अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ दुप्पट असू शकतो. हलकेपणा आणि ताठपणा एकत्र नांदावेत हेच तर बाणाला हवे असते. 1980 नंतरच्या दशकात बाजारात आलेले पहिले कार्बन दांडे सर्व तंतू लांबीच्याच दिशेने ओढून केलेले असत. ते वजनाला विलक्षण हलके, पण आडव्या ताणाला दुबळे, म्हणून उभे चिरत. पुढे तंतूंचे पत्रे निरनिराळ्या दिशांनी दांडीवर गुंडाळून भाजण्याची पद्धत रूढ झाली आणि तो दोष पुष्कळसा गेला. याच काळात ईस्टनच्या कारखान्याने दोन्ही पक्षांचा समेट घडवून आणला. आत कागदासारखी पातळ अ‍ॅल्युमिनियमची नळी आणि तिच्यावर कार्बनचा थर. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकसाठी आलेला एक्स-10 हा दांडा याच वंशातला असून तो मध्ये किंचित फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता आहे. धनुर्वेदाच्या तीन भेदांत न बसणारा हा चौथा भेद म्हणावयास हरकत नाही.

शिकारी मनुष्य अ‍ॅल्युमिनियम सोडून कार्बनकडे वळतो तेव्हा त्याच्या मनात प्रामुख्याने वेगाचा विचार असतो, आणि विक्रेतेही त्याच तारेला छेडतात. तेव्हा हिशेबच करून पाहू. बाणाचे वजन जगभर ‘ग्रेन’मध्ये मोजतात, आपल्या जुन्या सरकारी तोळ्यात असे 180 ग्रेन बसत, हे सांगितले म्हणजे मापाची ओळख पटेल. 28 इंच लांबीचा, 2117 जातीचा, 100 ग्रेनचा फाळ लावलेला बाण सर्व साहित्यासह सुमारे 500 ग्रेन, म्हणजे 32 ग्रॅम, म्हणजे पावणेतीन तोळे भरतो. तेवढ्याच ताठपणाचा कार्बनचा बाण सुमारे 380 ग्रेन, म्हणजे 25 ग्रॅम, म्हणजे दोन तोळ्यांहून किंचित अधिक. धनुष्य दोघांनाही सारखीच, समजा 80 ज्यूल, ऊर्जा देते असे धरले, तर पहिला सेकंदाला सुमारे 71 मीटर वेगाने निघतो आणि दुसरा 80 मीटरने. (प्रत्यक्षात हलक्या बाणाला थोडी कमी ऊर्जा मिळते आणि धनुष्याच्या हाडांत जास्त धक्का राहतो, तो फरक येथे सोडून दिला आहे.) तीस मीटर जाईपर्यंत पहिला सुमारे 88 सेंटीमीटर खाली येतो, दुसरा 69.

हा फरक ऐकावयास मोठा वाटतो, पण नेमक्या अंतरासाठी नेम आधीच जुळविलेला असल्यामुळे खाली येणे हा स्वतःहून दोष ठरत नाही. खरा प्रश्न असा की सावज तीस मीटरवर आहे असे समजून बाण सोडला आणि ते प्रत्यक्षात तेहतीस मीटरवर निघाले, तर चूक किती? अ‍ॅल्युमिनियमच्या बाणाने सुमारे साडेनऊ सेंटीमीटर. कार्बनच्या बाणाने साडेसात. म्हणजे एवढ्या गाजावाजाचे फळ दोन सेंटीमीटर! दुसऱ्या पारड्यात काय पडते तेही पाहावे. बाण बंदुकीच्या गोळीप्रमाणे धक्क्याने मारीत नाही. तो धारदार पात्यांनी रक्तवाहिन्या छेदून मारतो, आणि त्यासाठी तो आत शिरत राहिला पाहिजे. आत शिरत राहण्याला संवेग उपयोगी पडतो, आणि वरच्या हिशेबात जड बाणाचा संवेग सुमारे 2.3 किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद भरतो, तर हलक्याचा 2. म्हणून अनुभवी शिकारी कार्बनच्या हलक्या दांड्याने वाचविलेले वजन वेगात उधळून न टाकता जड फाळाच्या रूपाने पुढच्या टोकाला परत बसवितात. त्यामुळे संवेग भरून निघतो, गुरुत्वमध्यही पुढे सरकतो, आणि धनुर्वेदाचा स्त्री-बाण नव्या वेशात अवतरतो. माझ्या मते कार्बनचा खरा लाभ हाच होय, की वजन कोठे ठेवावयाचे याचा अधिकार तो धनुर्धराच्या हाती देतो. वेग हा त्याचा जाहिरातीचा गुण आहे. मात्र फाळ जड केला की दांडा त्या धनुष्यावर मऊ वागू लागतो, तेव्हा अधिक ताठ स्पाइन घ्यावा लागतो आणि सारी जुळणी पुन्हा करावी लागते, हे विसरून चालत नाही.

दुसरा लाभ बारीकपणाचा. तेवढ्याच ताठपणाचा कार्बनचा दांडा कमी व्यासाचा करता येतो, त्यामुळे आडव्या वाऱ्याला तो अंग कमी देतो. सत्तर मीटरवरच्या ऑलिम्पिक निशाणासाठी ही गोष्ट निर्णायक ठरली, वीस-पंचवीस मीटरवरून हरिण मारणाऱ्याला तिचे फारसे महत्त्व नाही. तिसरा लाभ, दांडा लचकल्यानंतर लवकर स्थिर होतो, आणि चौथा, तो वाकून राहत नाही.

या चौथ्या गुणाविषयी मात्र मला जरा विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण लोक ज्याला कार्बनचा सर्वांत मोठा सद्‌गुण समजतात त्यातच त्याचा सर्वांत मोठा धोका दडलेला आहे. अ‍ॅल्युमिनियमचा बाण दगडावर आपटला की वाकतो, आणि वाकला हे डोळ्यांना दिसते. न दिसल्यास दोन नखांच्या चिमटीत फिरविला की थरथरतो. आणि डायल लावलेल्या सरळ करण्याच्या यंत्रावर त्याला पुष्कळदा पुन्हा शिस्तीत आणता येते. तो आपला दोष लपवीत नाही. कार्बनचा बाण एक तर सरळ असतो, नाही तर मोडलेला असतो असे म्हणण्याची प्रथा पडली आहे, पण ते अर्धेच खरे आहे; कारण या दोन अवस्थांच्या मध्ये एक तिसरी अवस्था असते, ज्यात तो बाहेरून सरळ आणि आतून चिरलेला असतो. असा बाण पूर्ण ताणलेल्या धनुष्यावर चढविला आणि सुटताना मोडला, तर त्याच्या सुयांसारख्या चिपा धनुष्य धरलेल्या हाताच्या पंज्यात आणि मनगटात घुसतात. अशा अपघातांची छायाचित्रे वैद्यकीय नियतकालिकांत पाहावयास धैर्य लागते.

म्हणून कार्बनचा बाण प्रत्येक वेळी निशाणातून उपटल्यावर तपासण्याची सवय लावून घ्यावी लागते. दोन्ही टोके दोन हातांत धरून, चेहऱ्यापासून दूर, तो हलकेच वाकवावा, थोडा फिरवून पुन्हा वाकवावा, आणि पूर्ण फेरा होईपर्यंत कान देऊन ऐकावे. बाजारात मडके विकत घेताना आपल्याकडची गृहिणी टिचकी मारून जशी ऐकते, तसे. करकर ऐकू आली, किंवा बोटाला खरखर लागली, किंवा दांड्यावरून फिरविलेला कापसाचा बोळा कोठे अडकला, तर तो बाण बाद. शिकाऱ्याला आणखी एक पथ्य असते. सावजाच्या अंगात बाण मोडला तर जखमेभोवतालचे मांस काढून टाकावयाचे, कारण तंतूंचे बारीक काटे मांसात राहतात आणि ते शिजत नाहीत, विरघळत नाहीत.

कारागिरीतही फरक पडतो. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत फाळ बसविताना लाखेसारखा वितळणारा डिंक आणि ज्योत चालते, आणि उद्या फाळ बदलावयाचा झाला तर पुन्हा ज्योत दाखविली की तो सुटतो. कार्बनच्या दांड्याला तीच ज्योत लावली तर आतली राळ जळते आणि टोक कायमचे दुबळे होते, म्हणून तेथे थंड जोडणारे इपॉक्सीच वापरणे श्रेयस्कर. कापताना करवत चालवू नये. वेगाने फिरणारे घर्षणचक्र हवे, आणि तोंडावर फडके नव्हे तर खरा मुखवटा हवा, कारण ती काळी धूळ फुप्फुसाला हितकर नाही. लेथवर आयुष्य घालविलेल्या मनुष्याला यातले बरेच काही नव्याने शिकावे लागेल. धातूला जे सोसते ते या भाजलेल्या तंतूला सोसत नाही.

आपल्या देशातील आधुनिक तिरंदाजीचा कारभार 1973 मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाल्यापासून सुरू होतो, आणि तिच्या इतिहासात बांबू, अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन ही तिन्ही युगे एका पिढीच्या आत दाटीवाटीने आली. उदयपूर जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबात जन्मलेला लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर वाढला, 1987 मध्ये क्रीडा प्राधिकरणाच्या चाचणीत निवडला गेला, आणि दुसऱ्याच वर्षी सोल ऑलिम्पिकमध्ये परदेशी बनावटीचे धनुष्य हाती घेऊन उभा राहिला. माळव्याच्या सीमेपलीकडचा हा मुलगा, आणि झाबुआ-अलिराजपूरच्या पाड्यांवर त्याच्यासारखी कितीतरी मुले असतील. त्यांच्या हाती साहित्य पोहोचत नाही ही खंत वेगळी.

आपल्या मराठी मुलखाने या विद्येत अलीकडे मिळविलेले यश तर डोळे दिपविणारे आहे. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकविसाव्या वर्षी, एकाच दिवशी जगज्जेते झाले. अंतिम सामन्यात ओजसने पंधरा बाणांत 150 पैकी 150 गुण मिळविले. म्हणजे पन्नास मीटरवरून आठ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात पंधराच्या पंधरा बाण. हाताची आणि मनाची स्थिरता तर त्यात आहेच, पण एकापाठोपाठ एक सुटलेले ते दांडे वजनाने, ताठपणाने आणि सरळपणाने एकमेकांचे जुळे नसते, तर त्या स्थिरतेचा उपयोग झाला नसता. मैदानी स्पर्धेत आज निव्वळ अ‍ॅल्युमिनियमला स्थान उरलेले नाही. परंतु बंदिस्त सभागृहात, अठरा मीटरवरून, जेथे वारा नसतो आणि बाणाने वर्तुळाच्या रेषेला नुसता स्पर्श केला तरी वरचा गुण मिळतो, तेथे जाड दांड्याचा फायदा होतो. नियमाने व्यासाची कमाल मर्यादा 9.3 मिलिमीटर ठरविली आहे, आणि तिच्या अगदी जवळ जाणारा जाडजूड अ‍ॅल्युमिनियमचा बाण तेथे अजूनही मानाने वापरला जातो.

तेव्हा जो वाचक आपल्या मुलासाठी वा स्वतःसाठी पहिला बाणांचा जुडगा घेण्यास निघाला असेल, त्याला माझे सांगणे असे. मुलाची उंची वाढत असेल आणि वर्षा-दोन वर्षांत हाताची ओढ व धनुष्याचा जोर दोन्ही बदलणार असतील, तर अ‍ॅल्युमिनियमच घ्यावे. ते स्वस्त पडते, आणि हरवले-वाकले तरी हळहळ कमी होते. ओढ ठरली, जोर ठरला, आणि निशाण पन्नास-सत्तर मीटरवर गेले, की मग कार्बन घ्यावा. तो घेताना सरळपणाच्या आकड्याला भुलून, इंचाच्या सहस्रांशाच्या फरकासाठी दुप्पट दाम मोजण्यापेक्षा, बारा दांडे एकाच वजनाचे निवडून घ्यावेत. निशाणावर त्याचाच परिणाम आधी दिसतो. नवे बाण आले की धनुष्याची जुळणी पहिल्यापासून करावी, दोन जातींचे बाण एका भात्यात कधीही ठेवू नयेत, आणि कानाशी करकरलेला कार्बनचा बाण घरी परत न नेता मैदानावरच मोडून टाकावा, म्हणजे चुकूनही तो पुन्हा कोणाच्या दोरीवर चढणार नाही.